साहेब, शेठ, मावशी की नुसतं 'ए'? पालघर-बोईसरमध्ये हाकेतला मान कोणाच्या वाट्याला येतो? वाचा सविस्तर

पालघर : 'साहेब, तू सही कधी देशील?'

पाड्यावरून दाखल्यासाठी आलेला माणूस सरकारी कार्यालयात असं विचारतो, तेव्हा टेबलापलीकडे दोनपैकी एक गोष्ट घडते. जव्हार-मोखाड्यात काही वर्षं काढलेला कर्मचारी असेल, तर तो हसतो आणि तारीख सांगतो. नुकताच बदलून आलेला असेल, तर मान वर करून विचारतो, 'तू कोणाला म्हणतोस रे?'

हा प्रश्न विचारताना त्यानेही समोरच्याला 'तू'च म्हटलेलं असतं. पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही.

सर, मॅडम, साहेब, श्रीमती, माननीय या शब्दांवर आपल्याकडे अधूनमधून वाद होतात, शासन निर्णय निघतात, सोशल मीडियावर दोन दिवस चर्चा रंगते. पालघर जिल्ह्यात मात्र हा विषय रोजचा आहे. कारण इथे एकाच जिल्ह्यात डोंगरातली वारली बोली, किनाऱ्यावरची कोळी-मांगेल्यांची बोली, बाजारातली गुजराती, कारखान्यातली हिंदी आणि कार्यालयातली प्रमाण मराठी एकमेकींना धडकतात. प्रत्येकीत मान देण्याची रीत वेगळी आहे. आणि कोणाची रीत 'बरोबर' मानायची हे ठरवणारे ठरावीकच लोक आहेत.

वारलीतला 'तू' उद्धट का नसतो?

प्रमाण मराठीत समोरच्यासाठी तीन शब्द आहेत : तू, तुम्ही आणि आपण. यातला 'तुम्ही' मुळात अनेकवचन. एकाच माणसाला अनेकवचनाने बोलावलं की तो मोठा झाला, असा हा हिशेब. व्याकरणात याला आदरार्थी अनेकवचन म्हणतात.

हे काही मराठीचंच वैशिष्ट्य नाही. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू' आहेत, जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी'. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दोन माणसं एकमेकांना 'तू' म्हणत असतील तर ती जवळीक. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत असतील तर ते अंतर, पण बरोबरीचं. एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'तुम्ही'च म्हणायचं, ही मात्र सत्ता.

वारली बोलीत रोजच्या बोलण्यात हा भेद नाही. आजोबाला तू, पाहुण्याला तू, गुरुजींना तू, साहेबालाही तू. मान द्यायचा नसतो असं नाही. तो क्रियापदाच्या शेपटीत न राहता आवाजात, बसायला दिलेल्या जागेत, पुढे केलेल्या पाण्याच्या तांब्यात असतो. किनाऱ्यावरच्या कोळी-मांगेल्यांच्या अनेक घरांतही बापाला सरळ एकेरी हाक जाते आणि बाप खुशाल ओ देतो.

तसं पाहिलं तर प्रमाण मराठी बोलणारेही आईला 'तू'च म्हणतात. देवालाही 'तू'च. विठ्ठलाला 'तुम्ही' म्हणणारा वारकरी अजून कोणी पाहिलेला नाही. म्हणजे 'तू'मध्ये अपमान नसतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. कोण म्हणतंय यावर तो अवलंबून असतो, इतकंच.

२०११च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्यातली सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत तर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून फुटून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कार्यालयं लोकांच्या जवळ यावीत हेच मोठं कारण होतं. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालयाची देखणी इमारतही उभी राहिली. अंतर कमी झालं. मात्र जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, रेशनकार्ड अशा कामांसाठी खिडकीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यावर गप्प केलं, तर तो दुसरं वाक्य विचारत नाही. मग कोणता कागद कमी आहे, हे त्याला कळत नाही. पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडते, पुन्हा एसटीचं भाडं जातं. 'तू-तुम्ही'चा हा खर्च कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

'डॉक्टर आले' आणि 'पेशंट आला'

समोरासमोरचं बोलणं सोडा. पाठीमागे आपण कसं बोलतो, ते जास्त बोलकं आहे.

'डॉक्टर आले', पण 'पेशंट आला'. 'कलेक्टर निघाले', पण 'ड्रायव्हर निघाला'. 'मॅडम आल्या', पण 'भांडीवाली आली'. ही वाक्यं बोलताना कोणाच्याही मनात कोणाचा अपमान करायचं नसतं. क्रियापद आपोआप वळतं. शाळेत हे कोणी शिकवलेलं नाही, तरी कोणाचं चुकत नाही.

वर्तमानपत्रांची भाषाही याला अपवाद नाही. तारापूर एमआयडीसीत स्फोट किंवा आग लागल्याच्या बातम्या वाचून पाहा. कामगार 'जखमी झाला', कंपनीचे व्यवस्थापक 'घटनास्थळी पोहोचले', मंत्री 'म्हणाले'. जो भाजला तो एकवचनात, जे पाहायला आले ते अनेकवचनात.

याच महाराष्ट्रात महापुरुषाचा एकेरी उल्लेख झाला की रस्त्यावर आंदोलन होतं. तो राग समजण्यासारखा आहे. नावात 'महाराज' हा शब्द नाही म्हणून मुंबईतल्या टर्मिनसचं नाव २०१७ मध्ये आणि विमानतळाचं नाव २०१८ मध्ये बदलण्यात आलं. म्हणजे एकेरी-आदरार्थी हा फरक आपल्याला केवढा महत्त्वाचा वाटतो, याबद्दल शंका नको. तरीही दवाखान्याच्या रांगेत सत्तरीच्या आजीला 'ए, पुढे सरक' म्हटलेलं रांगेतल्या कोणालाच खटकत नाही.

बोईसरच्या गेटवर किती प्रकारचे 'साहेब'?

बोईसर-तारापूरची गोष्ट वेगळी. इथला देशातला पहिला अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला आणि देशभरातले अभियंते, तंत्रज्ञ इथल्या वसाहतीत राहायला आले. पुढे एमआयडीसी वाढली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे कारखाने आणि त्यांच्यासोबत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून आलेले कंत्राटी कामगार.

कारखान्याच्या गेटवर उभं राहिलं की हाकांचा अख्खा जिना दिसतो. मालक तो 'शेठ'. मॅनेजर 'साहेब'. शिकून आलेला, वय काहीही असो, 'सर'. सुपरवायझरला आडनाव किंवा 'भाऊ'. ठेकेदाराला 'भाई'. ऑपरेटरला नुसतं नाव. सगळ्यात खालच्या हेल्परला 'ए' किंवा 'ओय'.

इंजिनीअरिंगनंतर काही महिने मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून काढले. वय २२. पहिल्याच दिवशी माझ्या वडिलांच्या वयाचे एक कामगार मला 'सर' म्हणाले. व्हॉल्व कसा फिरवायचा हे तेच मला शिकवत होते, तरी 'सर' मीच. मी त्यांना 'काका' म्हणायचो. शिफ्टचा सुपरवायझर मात्र त्यांना ज्या नावाने हाक मारायचा ते त्यांचं नावच नव्हतं, ते ज्या राज्यातून आले त्या राज्याचं नाव होतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डायोड नावाचा भाग असतो, तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. आदराचं सर्किटही बहुतेक ठिकाणी असंच जोडलेलं असतं.

'भय्या' या शब्दाचंही इथे असंच झालं आहे. हिंदीत तो मोठा भाऊ. मुंबई आणि तिच्या आसपासच्या मराठीत तो 'परप्रांतीय' या अर्थाने घट्ट झाला. शब्द तोच, मान गेला. रिक्षावाल्याला 'भय्या' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काही वाईट असतं असं नाही, पण ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात.

तुमची हिंदी उद्धट वाटते? कारण इथे आहे

बोईसरमध्ये मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांत होणारी एक गफलत मात्र निव्वळ व्याकरणाची आहे.

मराठीत दोन पायऱ्या रोजच्या : तू आणि तुम्ही. 'आपण' सभेत किंवा पत्रात. हिंदीत रोजच्या वापरात तीन : तू, तुम, आप. मराठी माणूस हिंदी बोलताना 'तुम्ही'चा 'तुम' करतो. त्याच्या मते त्याने पूर्ण मान दिलेला असतो. पण लखनौ किंवा पाटण्याकडच्या माणसाला 'तुम' म्हणजे बरोबरीच्याला किंवा लहानाला घातलेली साद वाटते. वडीलधाऱ्याला 'आप'च हवं. 'चाचा, तुम बैठो' हे मराठी कानाला गोड आणि त्याच्या कानाला टोचणारं.

उलट बाजूनेही गंमत होते. मुंबईच्या हिंदीत 'तेरे को', 'तू बोल' सर्रास चालतं आणि त्यात वैर नसतं. गावाहून नुकताच आलेला मुलगा पहिले काही आठवडे दर वाक्याला दुखावतो. नंतर तोही तसंच बोलायला लागतो. आणि गावी गेला की आईचे बोलणे खातो!

इथे दोष कोणाचाच नाही. पण या गफलतीचे धक्केसुद्धा वरच्याला कमी आणि खालच्याला जास्त बसतात. मॅनेजरने 'तुम' म्हटलं तर कामगार गिळतो. कामगाराने मॅनेजरला 'तुम' म्हटलं तर तो 'उर्मट' ठरतो.

'बाई' कधी खाली आली?

शब्दांचाही पगार वाढतो-कमी होतो. 'बाई' हे त्याचं ठळक उदाहरण. लक्ष्मीबाई, सावित्रीबाई, रमाबाई. एके काळी नावापुढे 'बाई' लागणं हा मान होता. मराठी शाळेत शिक्षिका म्हणजे 'बाई'च. मग शिक्षिका 'मॅडम' झाल्या, 'टीचर' झाल्या आणि 'बाई' हा शब्द धुणंभांडी करणाऱ्या स्त्रीकडे राहिला. 'आमची बाई आज आली नाही.' राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात 'घरेलू कामगार' हा शब्द आला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो अजून पोहोचलेला नाही.

पालघर जिल्ह्याला मात्र या बाबतीत चांगली परंपरा आहे. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, त्यातून 'अंगणवाडी' आली. एक 'बाई', दुसऱ्या 'ताई'. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची मोठी सभा झाली. तिथून उभ्या राहिलेल्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर याही या भागात 'गोदूताई'च. त्यांनी या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली, त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. वेठबिगारीच्या त्या काळात सावकाराला 'शेठ' म्हणणं हा आदर नव्हता, ती सक्ती होती. 'ताई' ही हाक लोकांनी आपणहून दिली. आज पाड्यावर आशा कार्यकर्तीला, अंगणवाडी सेविकेला 'ताई'च म्हणतात. पद कागदावर, हाक नात्याची.

(जाता जाता : डहाणू लोकलच्या महिला डब्यात 'आंटी' हा शब्द वापरणं टाळा. तिशीच्या आतबाहेरच्या बाईला 'आंटी' म्हटलं की पुढची पाच स्टेशनं जागा मिळत नाही. 'ताई' सुरक्षित आहे. 'दीदी'ही चालतं.)

सरकार कोणत्या शब्दांवर बोलतं?

गेल्या काही वर्षांत संबोधनांवर राज्यात बरंच काही झालं. २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं, असं आवाहन शासन निर्णयाने करण्यात आलं. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' असा शब्द वापरण्याचा प्रस्ताव तयार करण्याबाबत पत्र लिहिलं. जोरदार टीका झाली आणि हा केवळ चर्चेसाठीचा प्रस्ताव असल्याचा खुलासा आला. नवरा गेल्यावर स्त्रीच्या नावाआधीचं 'सौ.' जाऊन 'गं. भा.' लागणं हीच मुळात अडचण होती. पुरुषाच्या नावाआधीचं 'श्री.' बायको असो, नसो, तसंच राहतं.

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबाबतच्या शासन निर्णयात त्यांच्या नावाआधी 'टीआर' लावण्याची सोय आली, डॉक्टरांच्या 'डॉ.' आणि वकिलांच्या 'अॅड.'सारखी. त्या 'डॉ.'वरूनही भांडणं आहेतच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. बॅनरवर 'इंजि.' लावणारेही आता भरपूर दिसतात. अस्मादिकांनी अजून लावलेलं नाही.

राज्यघटना मात्र यात स्पष्ट आहे. अनुच्छेद १८ नुसार लष्करी आणि शैक्षणिक बहुमान वगळता राज्य कोणालाही किताब देत नाही. पद्म पुरस्कारांचं काय? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात सांगितलं की हे पुरस्कार घटनेत बसतात, पण ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत. डहाणूतल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कार्यक्रमपत्रिकांत त्यांच्या नावाआधी 'पद्मश्री' छापलं जात राहिलं. कायद्याने चूक असलं तरी का छापतात ते कळतं. ज्या समाजाच्या नावापुढे कधी काही लागलं नाही, त्याला ते तीन अक्षरी जोडकाम हवंसं वाटणारच.

हे सगळे निर्णय आणि वाद पाहा. बहुतेक सगळे नावाआधी काय लावायचं याचे आहेत. ज्याला नावानेच हाक मिळत नाही, त्याचा प्रश्न वेगळा. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५चा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, याची मुदत तो ठरवतो. मागणाऱ्याला 'बसा' म्हणायचं की 'थांब रे', हे खिडकीतला माणूस ठरवतो.

केरळने काय केलं?

केरळमध्ये २०२१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पालक्काड जिल्ह्यातल्या मात्तूर ग्रामपंचायतीने ठराव केला की कार्यालयात 'सर', 'मॅडम' म्हणायचं नाही. कर्मचाऱ्याला नावाने किंवा पदाने हाक मारा. अर्जात 'विनंती करतो' असंही लिहायचं नाही, कारण सेवा मिळणं हा हक्क आहे. आपल्याकडचे 'आपला आज्ञाधारक' अर्ज आठवून पाहा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोलिसांनी लोकांना 'एडा', 'एडी' म्हणू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने बजावलं. मराठीत हे साधारण 'ए', 'अगं ए' म्हटल्यासारखं. त्यानंतर पोलीस महासंचालकांनी तसं परिपत्रकही काढलं. इथे प्रश्न साहेबाला काय म्हणायचं हा नव्हता. साहेबाने लोकांना काय म्हणायचं, हा होता.

स्वीडनमध्ये तर १९६७ मध्ये ब्रोर रेक्सेड नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाने रुजू होतानाच जाहीर केलं की मी सगळ्यांना नावाने हाक मारणार. हळूहळू सगळा देश 'तू'वर आला. मंत्र्यालाही तू, शिपायालाही तू. म्हणजे जे वारली बोलीत आधीपासून आहे, तिथे पोहोचायला स्वीडनला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

महाराष्ट्रात सगळे 'तू'वर येतील, अशी शक्यता दिसत नाही आणि तसं व्हावं असा हट्टही नको. 'तुम्ही' हा सुंदर शब्द आहे. तो सगळ्यांना द्यायला पैसे पडत नाहीत. डॉक्टर आले, पेशंटही आले. व्हॉल्ववाले काका आले.

जिल्हा परिषदेच्या शाळांत हा प्रश्न शिक्षक आपापल्या परीने सोडवतात. पाड्यावरची पहिलीतली मुलगी गुरुजींना 'तू' म्हणते, तेव्हा जाणते शिक्षक तिला रागावत नाहीत. वारलीतले चार शब्द तेच शिकून घेतात. 'तुम्ही' पुढे हळूहळू येतो, पुस्तकातल्या इतर नव्या शब्दांसारखा. मुलगी तो शाळेत वापरायला लागते. घरी आजीला मात्र 'तू'च. चुकून 'तुम्ही' म्हटलंच, तर आजीच विचारायची, माझ्यावर रुसलीस का?